काकूंच्या कॉम्प्युटरवर स्पॉटिफाय

लिनक्ससाठी स्पॉटिफायचं ॲप २०१० पासून आहे. पण ते जिथून उतरवून घ्यायचं, त्या पानावरच कंपनीने स्वच्छ सांगून टाकलं आहे, की आमच्या इंजिनिअरांना आपापल्या मशीनवर गाणी ऐकायची होती, म्हणून त्यांनी ते हौसेने, फावल्या वेळात केलं. या प्लॅटफॉर्मला आमचा सक्रिय सपोर्ट नाही. शिवाय ते मिळतं दोनच रूपांत. एक डेबियन आणि उबंटूसाठीचं डेब पॅकेज, दुसरं कॅनॉनिकलचं स्नॅप. मशीनवर फेडोरा, आर्च किंवा ओपनसुसे असेल तर पुढचं आपलं आपण बघायचं. भारतात ही सेवा फेब्रुवारी २०१९ मध्ये आली. जिओसावन, गाना या आपल्याकडच्या सेवांनी तर लिनक्ससाठी ॲप काढलेलंच नाही.

निगडी प्राधिकरणात माझ्या काकांच्या हॉलमध्ये जो डेस्कटॉप आहे, त्यावर फेडोरा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० चिप लागते आणि प्रोसेसरही बराच नवा लागतो. या मशीनकडे दोन्ही नाही. बाकी मशीन धडधाकट आहे, म्हणून काकांनी त्यावर फेडोरा चढवलं. काका भोसरी एमआयडीसीत मेंटेनन्समध्ये होते, आता निवृत्त आहेत. मी तळवड्याला आयटी पार्कात इन्फर्मेशन सिक्युरिटीचं काम करते. कॉम्प्युटर मात्र वापरतात काकू. त्या नाट्यसंगीत शिकतात आणि रियाजाला बसण्याआधी जुनी रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकतात. त्यांना स्पॉटिफाय लावून द्यायचं, यावर काकांचं आणि माझं एकमत होतं. वाद झाला तो कसं लावायचं यावर, आणि तो चांगला दोन-अडीच तास चालला.

मी: काका, मुळात ॲप हवंच कशाला? फायरफॉक्समध्ये वेब प्लेअर उघडा. पहिल्यांदा तो विचारेल, डीआरएम चालू करू का? हो म्हणा. तो गूगलचं वाइडवाइन स्वतःच उतरवून घेतो आणि गाणं सुरू होतं. रूटचा पासवर्ड लागत नाही, पॅकेज लागत नाही. काकूंना एक बुकमार्क करून दिला की झालं.

काका: वेब प्लेअरवर गाणी डाउनलोड करता येतात का?

मी: नाही.

काका: मग झालं कसं? गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली की आमचा कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालतो, पण बिल्डिंगमधला नेटचा स्विच बंद पडतो. हिला सकाळी दोन तास मोकळे मिळतात. त्यात एकच चीज ती वीस वेळा ऐकणार. दर वेळी ती नेटवरून का ओढायची? आणि प्रीमियमचे पैसे भरतोच आहोत, तर वेबवर २५६ केबीपीएस आणि ॲपमध्ये ३२० पर्यंत, हा फरक का सोडायचा?

मी: या स्पीकरवर २५६ आणि ३२० मधला फरक काकूंनाही ऐकू येणार नाही.

काका: बरं, तो मुद्दा सोडला. डाउनलोडचा नाही सोडणार.

तो मुद्दा मलाही सोडवेना. सिक्युरिटीतल्या माणसांना, म्हणजे आम्हाला, एक सवय असते. वापरणाऱ्याची गरजच छाटून टाकली की धोका आपोआप कमी होतो, आणि आम्ही ते काम केल्यासारखं दाखवतो. काकूंची गरज खरी होती. तेव्हा ॲप लावायचं हे मी मान्य केलं आणि काकांना त्यांची पद्धत विचारली.

काका: मी डेब उतरवून घेतलं आणि उघडून बघितलं. डेब म्हणजे काय गं, एआर नावाची जुनी अर्काइव्ह. आत तीन गोष्टी. एक इवलीशी फाइल, तिच्यात फॉरमॅटचा आकडा, २.०, बास. दुसरी कंट्रोल. तिच्यात पॅकेजचं नाव, कुठल्या लायब्ऱ्या लागतात त्याची यादी आणि इन्स्टॉल होताना चालणाऱ्या स्क्रिप्ट. तिसरी डेटा. खरा माल तिच्यात. युएसआर, त्यात शेअर, त्यात स्पॉटिफाय. आयकॉन आहेत, मेन्यूतली नोंद आहे, मुख्य प्रोग्राम आहे आणि शेजारी लिबसीईएफ नावाची भली मोठी लायब्ररी. ती काय आहे माहीत आहे?

मी: क्रोमियम. पूर्ण ब्राउझर एम्बेड केलेला असतो.

काका: म्हणजे तू मला ब्राउझर वापरा म्हणतेस आणि ते ॲपच्या नावाखाली ब्राउझरच देतायत. असू दे. मी काय करणार, फक्त डेटा उघडायचा आणि हिच्या होम फोल्डरमध्ये ठेवायचा. कंट्रोलमधल्या स्क्रिप्टना हातच लावायचा नाही. सुडो नको, रूट नको. नको झालं की फोल्डर उडवला. यात तुझ्या सिक्युरिटीला काय अडचण आहे?

मी: रूट नको म्हणालात, हे मला फार आवडलं. नेटवर जे तयार उपाय मिळतात, त्यातले निम्मे सुडोने सुरू होतात. डेब रीतसर इन्स्टॉल करताना त्यातल्या स्क्रिप्ट रूट म्हणून चालतात, हे कुणी सांगत नाही. जुन्या सूचना तर रेपोची की ॲप्ट-की वापरून घालायला सांगायच्या. त्याने ती की सगळ्याच रेपोंसाठी विश्वासाची ठरायची. गाण्यांच्या ॲपची की आणि तिच्या भरवशावर कर्नलसुद्धा! तुम्ही ते टाळलंत. आता एलडीडी चालवून बघितलंत का?

काकांनी ते आधीच केलं होतं. एलडीडी दिलं की प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ऱ्यांची यादी येते आणि प्रत्येकीपुढे ती मशीनवर कुठे आहे ते येतं. बहुतेक ओळी भरलेल्या होत्या. एका ओळीपुढे 'सापडली नाही' असं होतं: लिबकर्ल-जीएनयूटीएलएस. नेटवरून फाइल ओढण्याचं काम करणारी लिबकर्ल फेडोरात आहेच. पण डेबियनवाले ती दोन प्रकारे बांधतात, एक ओपनएसएसएल घालून आणि एक जीएनयूटीएलएस घालून, आणि दुसरीला वेगळं नाव देतात. स्पॉटिफायचा प्रोग्राम नेमकं तेच नाव मागतो. फेडोरात ते नाव नाही. आर्चवाल्यांना तर त्याच नावाचं वेगळं पॅकेज करावं लागलं आहे. एखादं डिस्ट्रो 'सपोर्टेड नाही' म्हणजे प्रत्यक्षात काय, ते या एका ओळीत दिसतं. मशीन तेच, कर्नल तोच, काम तेच. अडतं कुठे, तर कुणी कुठल्या घरात बसून प्रोग्राम बांधला आणि त्या घरात कुठल्या वस्तूला काय म्हणतात, इथे.

काका: मग एक लिंक टाकायची. त्या नावाची लिंक करायची आणि ती फेडोराच्या लिबकर्लकडे वळवायची. सिस्टीममध्ये नाही, त्याच फोल्डरमध्ये.

मी: नाव जुळेल. आतला माल तोच आहे याची खात्री कोण देणार? आज चालेल, फेडोराच्या डीएनएफने पुढचं अपडेट आणलं की बिनसेल.

काका: बिनसलं तर बघू. अगं, आमच्याकडे एक लेथ होतं. बनवणाऱ्या कंपनीने स्पेअर देणं बंद केलं होतं. हेडस्टॉकमधला एक गिअर गेला. कंपनीचं पत्र आलं, हे मॉडेल आता सपोर्टमध्ये नाही, नवीन मशीन घ्या. आम्ही गेलेला गिअर मोजला, ड्रॉइंग काढलं आणि भोसरीतल्याच एका वर्कशॉपमधून करून आणला. पुढे ते लेथ मी निवृत्त होईपर्यंत चाललं. आख्खी एमआयडीसी अशीच चालते. कंपनी सपोर्ट देत नाही म्हणजे काम होत नाही, असा अर्थ आम्ही कधीच लावला नाही.

मी: काका, त्या गिअरला दर महिन्याला नवा धोका होत नव्हता. या फोल्डरमध्ये तुम्ही क्रोमियम ठेवताय. क्रोमियममध्ये सतत नवी भोकं सापडतात आणि ती बुजवणाऱ्या आवृत्त्या येत राहतात. डेबियनवाल्यांकडे ॲप्ट नवीन पॅकेज आणून देतं, स्नॅप दिवसातून चार वेळा अपडेट बघतं. तुमच्या फोल्डरकडे कोण बघणार?

काका: मी.

मी: आणि तुम्ही नसलात तर? कॉम्प्युटर तुमचा नाही, काकूंचा आहे.

इथे काका जरा थांबले. त्यांनी शेजारच्यांचं नाव घेतलं. सेक्टर २६ मधल्या इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं पलीकडच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहतात, ती येऊन बघतील म्हणाले. मुलं हुशार आहेत, यात शंका नाही. पण चार वर्षांनी ती बदलतात आणि एकाने केलेलं दुसऱ्याला समजावं असं कुठे लिहिलेलं नसतं. माझ्या मते घरच्या मशीनवर काहीही लावताना विचारायचा पहिला प्रश्न हाच, की हे उद्या दुसऱ्या कुणाला सांभाळता येईल का? ते चालतंय का, हा प्रश्न त्यानंतरचा.

काका: मग तू म्हणतेस तो अधिकृत रस्ता तरी एवढा भरवशाचा आहे का? एक्सझेडचं काय झालं?

हा प्रश्न ते विचारणार हे मला माहीत होतं. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबण्याच्या साध्या टूलमध्ये चोरदरवाजा सापडला. तो घालणाऱ्याने दोनेक वर्षं प्रामाणिकपणे काम करून आधी विश्वास मिळवला होता. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या फेडोराच्या आणि डेबियनच्या चाचणी-शाखांमध्ये पोहोचल्याही होत्या. म्हणजे माल अधिकृत रेपोतून, रीतसर सही-शिक्क्यानिशी येत होता. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला एसएसएच लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय असं जाणवलं, त्याने खोदून काढलं आणि ते उघड झालं.

मी: खरं आहे. पण तो सापडला का? कारण सोर्स उघडा होता. स्पॉटिफायचा सोर्स बंद आहे. त्यात काय आहे ते तुम्हीही वाचू शकत नाही, मीही नाही.

काका: मग जे वाचता येत नाही त्याला पिंजऱ्यात ठेवायचं. फ्लॅटपॅक!

मी: तेच मी सांगणार होते.

काका: पण त्यावर तर 'अनव्हेरिफाइड' लिहिलेलं असतं. तुला ते कसं चालतं?

याचं उत्तर नीट द्यायला हवं होतं, कारण फ्लॅटपॅक जिथे मिळतात त्या फ्लॅटहबवरचं स्पॉटिफाय हा सगळा प्रकारच समजून घेण्यासारखा आहे. ते कंपनीने ठेवलेलं नाही. वेष्टण स्वयंसेवकांनी बांधलं आहे आणि कंपनीशी आमचा संबंध नाही, हे तिथे लिहिलेलं आहे. पण त्या वेष्टणात स्पॉटिफाय नसतंच. त्यात असते कृती. तुमच्या मशीनवर इन्स्टॉल होताना ती कंपनीचंच स्नॅप मूळ जागेवरून उतरवून घेते, आधी नोंदवलेल्या चेकसमशी ताडून बघते आणि तुमच्या घरीच उघडते. एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? तर कंपनीच्या परवान्यानुसार दुसऱ्या कुणाला ते ॲप पुढे वाटता येत नाही. फेडोरावाल्यांसाठी आरपीएम फ्यूजनमध्ये लोकल पॅकेज फॅक्टरी म्हणून जी सोय आहे, तिचं कारणही हेच. तीही तुमच्याच मशीनवर आरपीएम बांधून देते. आर्चच्या वापरकर्त्यांच्या रेपोतली कृतीही कंपनीचं डेब आणून तुमच्याकडे उघडते. तिन्ही ठिकाणी माणसं तेच करतात जे काका हाताने करू बघत होते.

आणि माझा खरा राग आहे तो इथे. स्पॉटिफायने फेडोराला सपोर्ट द्यावा, अशी माझी अपेक्षाच नाही. शेकडो डिस्ट्रो आहेत, एखादी कंपनी कुठे कुठे पुरी पडणार? पण नुसतं वाटण्याची परवानगी दिली असती, तर फेडोराच्या पॅकेजरांनी ते काम एकदा, नीट, सगळ्यांसाठी केलं असतं. लिबकर्लचं नाव त्यांनी जुळवलं असतं, अपडेट डीएनएफने आणलं असतं. ती परवानगी नाही, म्हणून एकच काम हजारो घरांत वेगवेगळं, आपापल्या जबाबदारीवर करावं लागतं.

काका: या स्क्रीनवर मराठी नीट दिसतं ना? जोडाक्षरं तुटत नाहीत. ते कुणी केलं?

मी: फेडोरात बरीच वर्षं लोहितने. रेड हॅटने २००४ मध्ये खुले केलेले हे फाँट. पुढे कितीतरी वर्षं त्यांची देखभाल पुण्यातल्या इंजिनिअरांनी केली.

काका: मग? रेड हॅटने केले, पण वाटायला मोकळीक दिली. म्हणून डेबियनमध्येही गेले, उबंटूतही गेले. तिथे कुणी रेड हॅटकडे सपोर्ट मागायला गेलं नाही. ज्याने त्याने आपल्या घरात बसवून घेतले. सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ मध्ये बॉस नावाचं लिनक्स काढलं, तेही डेबियनवरच उभं केलं. मोकळीक असली की सपोर्ट आपला आपण उभा राहतो. तू उगाच कागदावरच्या सपोर्टला धरून बसतेस.

काकांचं हे मला पूर्ण पटलं आणि मी तसं म्हटलंही. सपोर्ट कंपनीच्या पानावरच्या वाक्यातून येत नाही. ज्यांना ती वस्तू उघडून बघता येते आणि पुढे देता येते, त्यांच्याकडून येतो. एक गोष्ट मात्र मी सोडली नाही. स्वयंसेवकांवर विश्वास ठेवायचा तर त्यांची कृती वाचायची तयारी ठेवून. जुलै २०१८ मध्ये आर्चच्या त्याच वापरकर्त्यांच्या रेपोत ॲक्रोरीड नावाचं एक बेवारस पॅकेज कुणीतरी दत्तक घेतलं आणि त्याच्या कृतीत नको ती ओळ घातली. ते लगेच पकडलं गेलं, कारण कृती उघडी होती आणि कुणीतरी ती वाचत होतं.

काका: आणि ते स्पॉटिफायसाठी वेगळा क्लायंट लिहिणारे लिब्रेस्पॉटवाले? त्यांचा तर सोर्स उघडा आहे. त्यावर बांधलेलं एनसीस्पॉट मी माझ्या लॅपटॉपवर चालवून बघितलं. टर्मिनलमध्ये चालतं, मेमरी अगदी थोडी खातं.

मी: तुमच्या लॅपटॉपवर तुम्ही खुशाल चालवा. त्याला प्रीमियम लागतं, ते आपल्याकडे आहे. पण तो प्रोटोकॉल बाहेरच्यांनी उकलून काढलेला आहे, कंपनीने दिलेला नाही. कंपनीने पलीकडे काही बदललं की बंद पडणार. शिवाय काकू टर्मिनलमध्ये पद शोधत बसणार आहेत का?

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. आमचं बरंच काही त्यांच्या कानावर पडलं होतं.

काकू: मला एवढंच सांगा, एका पदानंतर दुसरं लागताना मध्ये थांबणार का? आणि सकाळी चालू केल्यावर काहीतरी इंग्रजीत विचारत बसणार का?

काका: गॅपलेस ॲपमध्ये असतं. नाही थांबणार.

मी: आणि विचारणार नाही. विचारलंच तर हो म्हणायच्या आधी मला फोन करा.

मग कामाला लागलो. फेडोराच्या सॉफ्टवेअर ॲपमध्ये थर्ड पार्टी रेपो चालू केल्यावर फ्लॅटहब दिसतं. स्पॉटिफाय आम्ही संपूर्ण सिस्टीमसाठी न घेता फक्त काकूंच्या खात्यात, यूझर म्हणून इन्स्टॉल केलं. इन्स्टॉल करण्याआधी काकांनी कृतीची फाइल उघडून ओळीओळीने वाचली. स्नॅपचा पत्ता, चेकसम, आकार, कुठल्या फोल्डरमध्ये काय जाणार. ज्या माणसाने आयुष्यभर ड्रॉइंग वाचली, त्याला ती फाइल वाचायला माझी मदत लागली नाही. नंतर फ्लॅटसील उघडून परवानग्या बघितल्या. नेट, आवाज, स्क्रीन हे लागतंच. फोल्डर वाचायच्या परवानग्या होत्या, त्या मी काढल्या, कारण काकूंना स्वतःच्या फाइल त्यात वाजवायच्या नाहीत.

काका: म्हणजे शेवटी तुझंच झालं.

मी: कुठे? मी वेब प्लेअर म्हणत होते. तुम्ही कंपनीचं पॅकेज घरात उघडायचं म्हणत होतात. तेच झालंय. फक्त आता ते उघडण्याची कृती चार लोकांनी तपासलेली आहे आणि अपडेटही तीच आणणार आहे.

काका: आणि ती कृती सांभाळणाऱ्याने उद्या सोडून दिलं तर?

मी: तर बुकमार्क आहेच. फायरफॉक्समध्ये करून ठेवलाय. त्या दिवशी डाउनलोड मिळणार नाहीत, पण गाणं मिळेल. आणि तुमच्या वहीत लिहून ठेवा, काय लावलं, कुठून लावलं, कोणत्या तारखेला लावलं आणि काढायचं कसं. काढायची कमांड सगळ्यात वर लिहा.

काकांनी मेंटेनन्सची सवय म्हणून प्रत्येक मशीनची एक वही ठेवलेली आहे, मिक्सर आणि इन्व्हर्टरचीसुद्धा. त्यांनी तिथल्या तिथे पान काढलं. पण हाताने उघडलेला तो डेबचा फोल्डर त्यांनी काही उडवला नाही. स्वतःच्या लॅपटॉपवर नेऊन ठेवला, लिबकर्लची लिंक करून बघायला. मी अडवलं नाही. तो लॅपटॉप त्यांचा आहे आणि तो बिघडला तर तो उघडून बसणारेही तेच आहेत.

काकू: मग आता मी उतरवून घेतलेली पदं कायमची राहतील ना?

मी: प्रीमियम चालू आहे तोवर. आणि ३० दिवसांतून एकदा तरी ॲप नेटला जोडलं गेलं पाहिजे, नाहीतर डाउनलोड केलेलं वाजत नाही.

काका: ते वहीत लिहायचं राहिलं.